कोळशाच्या चित्रांसाठी सामान : पैसे कागदावर घाला, कोळसा पऱ्हाटीतून निघेल

कोळशाने चित्र काढायचं ठरलं की मोबाइलवर आधी दिसते ती तीस-पस्तीस नगांची पेटी. आत डझनभर पेन्सिली, दोन-तीन खोडरबर, शार्पनर आणि चेनची पिशवी. कागद एक तर नसतोच, असला तर पातळ गुळगुळीत वही. ही पेटी घेऊ नका. कोळशाच्या कामात चित्र जमणं-फसणं बरंचसं कागदावर असतं. कोळसा घरी करता येतो, आणि विदर्भात तर पऱ्हाटी-तुराटी, म्हणजे कापसाच्या आणि तुरीच्या वाळलेल्या काड्या, बांधावरच पडलेली असते. कागद घरी होत नाही. हाताशी शंभर रुपये असतील तर साठ-सत्तर कागदाला आणि उरलेल्यात खोडरबर व एखादी काळी कांडी, असा हिशेब धरा.

तालुक्याच्या स्टेशनरीच्या दुकानात चित्रकलेच्या एलिमेंटरी-इंटरमीजिएट परीक्षांमुळे पेन्सिली, पोस्टर कलर आणि ड्रॉइंग शीट मिळतात. कोळसा बहुधा मिळत नाही, कारण मागणारं कोणी नसतं. दुकानदाराला आठवडाभर आधी सांगितलं तर नागपूरहून येणाऱ्या मालात तो मागवून देतो. तुम्हीच नागपूरला जाणार असाल तर सीताबर्डीकडे एक चक्कर मारा, पण तिथेही आधी कागद बघा.

कागद

कोळसा म्हणजे कोरडी भुकटी. रंगासारखी ती मुरत नाही, शिशासारखी घासून चिकटतही नाही. कागदावरच्या बारीक खड्ड्यांमध्ये ती अडकते, एवढंच. या खरखरीला चित्रकार कागदाचे ‘दात’ म्हणतात. दात नसलेल्या कागदावर पहिला हात बरा दिसतो. दुसऱ्या हाताला कोळसा घसरायला लागतो आणि तिसऱ्याला वरचा थर खालचा थर घेऊन निघतो. कितीही घासलं तरी गडद काळा येत नाही आणि शिकणाऱ्याला वाटतं, आपला हातच कच्चा आहे.

दुकानात कागद असा तपासायचा. शीट दाराकडे न्या, उजेड जवळजवळ आडवा पडेल अशी डोळ्यासमोर धरा. पिठाच्या चाळणीसारखी बारीक रवाळ सावली दिसली तर दात आहेत. आरशासारखी लकाकी आली तर नाहीत. मग अंगठ्याचं नख कोपऱ्यावरून हळूच ओढा. ‘सर्र’ असा हलका आवाज यायला हवा. गुळगुळीत कागदावर नख आवाज न करता घसरतं. दोन्ही बाजू तपासा, कारण बऱ्याच कागदांची एक बाजू जास्त खरखरीत असते. जी बाजू पसंत पडेल तिच्या कोपऱ्यात पेन्सिलीने बारीक खूण करून ठेवा, घरी गेल्यावर ओळखू येत नाही.

खरी परीक्षा त्यानंतरची. एकच शीट घ्या, घरी न्या. तळहाताएवढी जागा कोळशाने काळी करा, खोडा, पुन्हा काळी करा, पुन्हा खोडा. तीन वेळा झाल्यावर कागदातून कापसासारखे तंतू सुटायला लागले तर तो कागद नापास. तंतू सुटलेल्या जागी पुढे कोळसा डागासारखा बसतो आणि तो डाग कशानेच जात नाही. शीट पास झाली तरच डझन घ्या.

जाडी जीएसएममध्ये, म्हणजे एका चौरस मीटर कागदाच्या ग्रॅममधल्या वजनात, सांगतात. १२० ते १६० जीएसएमचा कार्ट्रिज कागद, म्हणजे चित्रकलेचा जाडसर पांढरा कागद, सुरुवातीला पुरतो. झेरॉक्सचा कागद ७० ते ८० जीएसएमचा आणि गुळगुळीत असतो, त्यावर सरावसुद्धा करू नये. हात चुकीच्या सवयी शिकतो. पूर्ण इम्पीरियल शीट २२ बाय ३० इंचांची मिळते. ती मधोमध कापली की १५ बाय २२ चे दोन तुकडे होतात. कोळशाला हा आकार योग्य आहे. ए-४ मध्ये कोळसा कोंडतो. कांडीची टोकाकडची जाडीच पाच-सहा मिलिमीटर असते, तिने दोन इंचांच्या चेहऱ्यात डोळा काढायचा म्हणजे दाताळ्याने शिवणकाम. कमीत कमी ए-३ घ्या.

सरावासाठी दोन स्वस्त कागद चांगले. एक म्हणजे न्यूजप्रिंट, वर्तमानपत्राच्या छपाईचा कोरा कागद. मऊ असतो, दात असतात, पाच-दहा मिनिटांच्या रेखाटनाला उत्तम. तो पिवळा पडतो आणि ठिसूळ होतो, म्हणून ठेवायचं चित्र त्यावर काढू नका. दुसरा म्हणजे वह्यांना घालतो तो खाकी कागद. त्याची एक बाजू चकचकीत आणि दुसरी मळकट, खरखरीत असते. खरखरीत बाजूवर काळा कोळसा आणि थोडा पांढरा खडू वापरला की कागदाचा रंगच मधली छटा होऊन जातो. म्हातारे चेहरे, मातीच्या भिंती आणि बैल या कागदावर छान येतात. हाही टिकाऊ नाही.

हातकागद मिळाला तर जरूर वापरून बघा. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ मध्ये सुरू झालेल्या अखिल भारत ग्रामोद्योग संघाने जे उद्योग हाती घेतले, त्यांत हातकागदही होता. म्हणजे ही वस्तू आपल्याकडे परकी नाही. कापसाच्या चिंध्यांचा हातकागद दणकट असतो आणि खूप खोडकाम सोसतो. मात्र फुलांच्या पाकळ्या, गवत किंवा चमकी घातलेला भेटवस्तूंचा हातकागद घेऊ नका. कोळसा त्या प्रत्येक गाठीवर अडकतो. जलरंगाचा खूप जाड दाण्याचा कागदही सुरुवातीला नको. खड्डे इतके खोल असतात की सगळीकडे पांढरे ठिपके राहतात.

शीट बहुधा गुंडाळून देतात. एसटीच्या गर्दीत ती हमखास चेपते. स्प्रिंकलरच्या ७५ मिलिमीटर पाइपचा दोन फूट तुकडा शेतात कुठेतरी पडलेला असतो. तो आतून धुऊन वाळवा, दोन्ही तोंडांना प्लास्टिक बांधा आणि कापलेल्या शीटची गुंडाळी त्यात घाला. घरी आल्यावर गुंडाळी उलट्या बाजूने एकदा सैल वळवून, दोन दिवस गादीखाली ठेवा. इस्त्री फिरवू नका.

कोळसा : तीन रूपं

पहिलं रूप म्हणजे काडीचा कोळसा. बारीक फांद्या हवा न लागू देता भाजतात आणि त्या आकार न मोडता कोळसा होतात. बाजारात जो मिळतो तो बहुधा विलोचा, म्हणजे आपल्याकडे नदीकाठी उगवणाऱ्या वाळुंजाच्या कुळातल्या झाडाचा. हा मऊ असतो, फुंकरीसरशी उडतो आणि कापडाने पुसला की जवळजवळ पूर्ण जातो. म्हणूनच तो शिकणाऱ्याचा. चूक लपत नाही, पण पुसता येते. याचा काळा थोडा राखाडीकडे झुकतो.

दुसरं रूप म्हणजे दाबलेली कांडी. कोळशाची भुकटी गोंदासारख्या बंधकात मळून साच्यात दाबतात. ती खूप काळी असते, कागदाला घट्ट धरते आणि सहज खोडली जात नाही. सगळ्या चित्राला एकच कांडी वापरायची आणि तीही शेवटी, जिथे रात्रीसारखा काळा हवा तिथेच. दाबलेल्या कांडीने सुरुवात केली की मागे फिरता येत नाही. नवशिक्यांची निम्मी चित्रं इथेच संपतात.

तिसरं रूप, कोळशाची पेन्सिल. कॅमलिन, फेबर-कॅस्टल वगैरेंच्या मिळतात. सॉफ्ट, मीडियम, हार्ड अशा तीन प्रती असतात, त्यातली एक सॉफ्ट पुरे. पापण्या, गवताची पाती, दोरखंडाचा पीळ अशा बारीक कामाला ती हवी. शार्पनरमध्ये घालू नका, आतला कोळसा तुकड्यांनी गळतो. ब्लेडने लाकूड लांब उतरतं तासून सेंटिमीटरभर कोळसा उघडा करा आणि टोक पॉलिश पेपरवर फिरवून घ्या. १८० किंवा २२० नंबरचा पॉलिश पेपर हार्डवेअरच्या दुकानात मिळतो. पेन्सिल फरशीवर पडली की आतल्या आत तुटते. मग प्रत्येक तासणीला टोक गळायला लागतं, आणि दोष ब्लेडचा वाटतो.

साधी शिशाची पेन्सिल या कामात नको, कच्च्या आकारालाही नको. शिसं कागदाचे दात गुळगुळीत करून टाकतं आणि त्याच्यावर कोळसा बसत नाही. काळ्या सावलीत मग चकाकणाऱ्या राखाडी रेषा राहून जातात.

चुलीतला कोळसा चालतो का, हा प्रश्न सगळेच विचारतात. नाही चालत. तो उघड्या हवेत जळालेला असतो, अर्धा राख आणि अर्धा कच्चं लाकूड. शिवाय सरपण बहुधा बाभळीसारखं कठीण असतं, त्याचा कोळसाही कठीण होतो आणि कागदावर ओरखडे काढतो. चंद्रपूर-वणीच्या खाणीतला दगडी कोळसा तर वेगळीच वस्तू. त्यात माती आणि खनिजं असतात, तो कागद फाडतो.

घरी काडीचा कोळसा करणं

कापूस वेचून झाला की फेब्रुवारी-मार्चमध्ये पऱ्हाटी उपटतात. गुलाबी बोंडअळीमुळे ती शेतात किंवा बांधावर साठवू नका असं कृषी विभाग दरवर्षी सांगतो. ती जाळायच्या आधी एक मोळी बाजूला काढा. तुराटीही चालते, आणि काही बाबतींत जास्त चांगली. तुरीच्या काड्यांचा कोळसा मऊ आणि हलका होतो. पूर्वी बंदुकीच्या दारूसाठी तो वापरत, तो याच गुणामुळे. पऱ्हाटीचा कोळसा थोडा घट्ट, रेषा काढायला बरा. दोन्ही करून ठेवा.

झाडं टाळायची ती अशी. बांबूत आणि सागात वाळूसारखे कण असतात, कोळसा कागदावर करकरतो. बेशरमाच्या काड्या पोकळ आणि झाड विषारी. कण्हेर तर अजिबात नको, तिचा धूरही विषारी असतो.

काड्या पेन्सिलीएवढ्या किंवा थोड्या जाड निवडा, म्हणजे सात ते दहा मिलिमीटर. भाजल्यावर त्या अंगाने बऱ्याच आक्रसतात. त्यामुळे आधीच बारीक असलेली काडी नंतर उदबत्ती होते. सरळ भाग बघून डब्याच्या उंचीपेक्षा अर्धा इंच आखूड कापा. गाठी आणि फांद्यांचे फाटे टाकून द्या, तिथेच काडी तुटते. साल पूर्ण सोला. पऱ्हाटीची साल धाग्यांची असते, नखाने सुरुवात केली की पट्टीसारखी निघते. साल ठेवली तर कोळशावर पापुद्रे राहतात आणि चित्र काढताना कागदावर गळतात. सोललेल्या काड्या सावलीत दोन-तीन आठवडे वाळवा. वाकवल्यावर ‘कट’ आवाज करून मोडली की झाली. ओली काडी भाजताना वाफेने चिरते.

डबा लोखंडी पत्र्याचा हवा, घट्ट झाकणाचा, अर्धा ते एक किलोचा. ॲल्युमिनियम नको, आगीत ते बसतं. जस्ताचा मुलामा असलेला पत्रा नको, त्याचा धूर घातक. रंगवलेला डबा असेल तर आधी रिकामाच आगीत घालून रंग जाळून घ्या. झाकणाच्या मध्यावर खिळ्याने एकच भोक पाडा, दोन-तीन मिलिमीटरचं. हे भोक विसरलात तर आतल्या वायूने झाकण उडतं. दोन भोकं पाडलीत तर हवा आत शिरते आणि काड्यांची राख होते.

काड्या डब्यात उभ्या, इतक्या दाटीने भरा की डबा हलवल्यावर खडखड होणार नाही. सैल भरल्या तर वाकड्या होतात. उरलेल्या फटींत तशाच वाळलेल्या काड्यांचे तुकडे कोंबा. झाकण लावा आणि लोखंडी तारेने आडवं-उभं बांधा.

आता जागा. कुटाराच्या गंजीपासून, गोठ्यापासून आणि कडब्यापासून लांब. मार्चमधली वारा सुटलेली दुपार तर नकोच. सकाळी लवकर किंवा संध्याकाळी वारा पडल्यावर, शेजारी पाण्याची बादली ठेवून. तीन विटांवर डबा ठेवा आणि भोवती सरपण रचून मध्यम आच लावा. भोक वर दिसत राहायला हवं, कारण पुढचं सगळं तेच सांगतं.

पहिली पंधरा-वीस मिनिटं भोकातून पांढरी दाट वाफ येते. ती काड्यांतलं पाणी. मग धूर पिवळसर, उग्र वासाचा होतो. त्याला जाळ लागला तर भोकाशी छोटी ज्योत दिसते. घाबरू नका, हा लाकडातून निघणारा वायू आहे. आच एकसारखी ठेवा. हळूहळू धूर पातळ आणि निळसर होतो, शेवटी थांबतो. एकूण तासभर, मोठ्या डब्याला दीड तास. धूर थांबल्यावर आणखी पाचेक मिनिटं आच द्या आणि लांब चिमट्याने डबा बाहेर काढा. लगेच भोकावर ओल्या मातीचा गोळा दाबा. डबा गार व्हायला लागला की आत हवा ओढली जाते, आणि तापलेल्या कोळशाला हवा मिळाली की तो पेटतो.

आता सगळ्यात अवघड भाग : उघडायचा नाही. डबा बाहेरून कोमट लागत असला तरी आतला कोळसा पेट घेण्याइतका गरम असू शकतो. रात्रभर तसाच राहू द्या. संध्याकाळी भाजलेला डबा सकाळी उघडायचा, हा नियम मोडू नका.

एक काडी फरशीवर दोन इंचांवरून सोडा. काचेसारखा ‘टिंग’ आवाज आला तर पक्की भाजली. ‘ठक्’ आवाज आला तर आत लाकूड आहे. मोडून बघा, मध्यापर्यंत काळी आणि तुटलेल्या जागी किंचित चमकणारी हवी. मधे तपकिरी गाभा दिसला किंवा कागदावर तपकिरी रेघ उठली तर सगळ्या काड्या परत डब्यात घालून वीस-पंचवीस मिनिटं भाजा. काड्या पांढुरक्या, हाताळताच भुगा होणाऱ्या निघाल्या तर हवा शिरली होती, झाकण बसत नसेल. वरच्या काड्या पक्क्या आणि खालच्या जास्त भाजलेल्या असं झालं तर आच एकाच बाजूने लागली होती. पुढच्या वेळी अर्ध्या वाटेवर डबा फिरवा.

तुराटीच्या मध्यभागी मऊ गर असतो. त्यामुळे भाजल्यावर मधे बारीक पोकळी दिसते. तो दोष नाही. टोकाने रेघ काढताना ती दुहेरी उठली तर काडी आडवी धरून काम करा.

मोडलेले तुकडे फेकू नका. पाट्यावर कुटून जुन्या मलमलच्या फडक्यातून गाळले की छटा भरायची भुकटी तयार. कुटताना नाक-तोंडावर रुमाल बांधा. मिरची कांडताना बांधतो तसाच.

खोडायचं सामान

कोळशात खोडरबर हे दुसरं लेखणीचं टोक आहे. काळ्या पृष्ठभागातून उजेड काढायचा असतो तो यानेच. दोन लागतात. एक मळायचा, ज्याला दुकानात ‘नीडेबल इरेजर’ म्हणून मागायचं. तो कणकेसारखा मळता येतो, टोक काढता येतं, आणि घासायचा नसतो. कागदावर टेकवून उचलायचा, भुकटी त्याला चिकटून येते. काळा झाला की ओढून-दुमडून आतला स्वच्छ भाग बाहेर आणा. पूर्ण काळाठिक्कर झाला की टाकून द्या, तो धुऊन साफ होत नाही.

विदर्भातल्या उन्हाळ्यात त्याची एक अडचण आहे. ४५ अंशांत तो चिकट च्युइंगमसारखा होतो आणि कागदावर तेलकट डाग सोडतो. छोट्या डबीत घालून माठाशेजारी ठेवा, गार राहतो.

दुसरा म्हणजे साधा पांढरा प्लास्टिकचा. ब्लेडने तिरका कापला की धारदार कोपरा मिळतो. बैलाच्या शिंगावरची चमक, पत्र्याची कड अशा कडक पांढऱ्या रेषा त्याने येतात. कोळशाचा थर जाड असेल तर आधी मळायच्या रबराने वरची भुकटी उचला. नाहीतर पांढरा रबर चिखल करतो. निळा-लाल शाईचा रबर कधीच नको, कागदाचे दात तासून टाकतो.

मळायचा रबर मिळाला नाही तर ताज्या पांढऱ्या ब्रेडचा आतला मऊ भाग गोळा करून वापरा. जुनी युक्ती आहे आणि खरंच काम करते. कडा काढून टाका, चुरा लगेच झटका, नाहीतर रात्री मुंग्या चित्र बघायला येतात. कणकेचा गोळा मात्र नको. ओलसर असतो, कागदाला चिकटतो आणि पावसाळ्यात त्या जागी बुरशी येते.

पसरवायला आणि पुसायला

यासाठी जवळजवळ काहीच विकत घ्यायला लागत नाही. मोठी जागा पुसायला जुन्या सुती धोतराचा किंवा लुगड्याचा, खूप वेळा धुतलेला तुकडा. मऊ छटेसाठी सरकी काढलेला कापूस, आणि तो आपल्याकडे कमी नाही. बारीक जागेसाठी कागदाची सुरळी. दोन इंच रुंद न्यूजप्रिंटची पट्टी तिरकी घट्ट गुंडाळून टोक पॉलिश पेपरवर गोल करा आणि शेपटीला चिकटपट्टी लावा.

बोटाने पसरवायचा मोह होतो. हिवाळ्यात एकवेळ चालेल. उन्हाळ्यात बोटाला घाम आणि तेल असतं, ते कागदावर बसतं आणि तिथे कोळसा कायमचा काळा ठिपका धरतो. त्याच कारणाने मनगटाखाली एक कोरा कागद ठेवा.

भुकटी फुंकू नका. थुंकीचे बारीक थेंब उडतात, त्यांचे डाग पडतात, शिवाय भुकटी नाकात जाते. बोर्ड उभा करून मागून टिचकी मारा आणि अंगणात झटका. पंखा बंद.

बोर्ड

सहा ते आठ मिलिमीटरचा प्लायवूड, १५ बाय २२ च्या कागदाला १८ बाय २५ इंचांचा. सुताराकडे उरलेल्या तुकड्यांत मिळतो. कडा पॉलिश पेपरने घासून घ्या. पृष्ठभागावर रेषा किंवा खिळ्याचं भोक असेल तर ते चित्रात उमटतं, म्हणून कागदाखाली नेहमी चार-पाच न्यूजप्रिंटच्या शीटची गादी घाला. वरच्या दोन कोपऱ्यांना क्लिपा पुरतात. बोर्ड उभा किंवा तिरका, खुर्चीच्या पाठीला टेकवून. आडव्या बोर्डवर भुकटी जागच्या जागी साचते आणि हात तिच्यावरून फिरतो. उजव्या हाताने काढत असाल तर दाराचा उजेड डावीकडून घ्या. वीज गेली तरी काम थांबत नाही, हा त्यातला फायदा.

फिक्सेटिव्ह

चित्र पुसू नये म्हणून मारायचा हा फवारा. पहिल्या महिन्यात तो घेऊ नका. सरावाची चित्रं बटर पेपरचं पान मधे घालून, पुठ्ठ्यात दाबून ठेवली तरी पुरे. थप्पी सरकता कामा नये.

ठेवायचं चित्र झालं की मग घ्या. बोर्ड उभा करा, डबा एक ते दीड फूट दूर धरा आणि फवारा कागदाच्या बाहेरून सुरू करून बाहेरच संपवा. पहिला फुस्कारा बहुधा थेंबांचा असतो, तो हवेत जाऊ द्या. पातळ तीन हात, मधे दहा-दहा मिनिटं. एकच जाड हात मारला तर भुकटी ओली होऊन ओघळते. फवाऱ्यानंतर चित्र थोडं गडद होतं आणि फिकट छटा काही प्रमाणात हरवतात, म्हणून हलके उजेड जरा जास्तच उजळ ठेवा. काम उघड्यावर करा, पण भरदुपारी नाही. मेच्या उन्हात थेंब कागदावर पोचायच्या आधी वाळतात आणि वर पांढरी पूड बसते. पावसाळी दमट हवेतही पांढुरका थर येतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यात सोयीचा काळ.

डबा टिनाच्या खोलीत, चुलीजवळ किंवा मोटारसायकलच्या डिकीत ठेवू नका. ५० अंशांच्या वर नको असं त्यावर छापलेलं असतं, आणि उन्हाळ्यात टिनाखाली एवढी उष्णता सहज होते.

घरचा उपाय आहे. हार्डवेअरच्या दुकानातून लाकूड पॉलिशचं स्पिरिट आणि चपडी लाख आणा. हीच लाख गोंदिया-गडचिरोलीकडे पळसावर आणि कुसुमावर धरतात. १०० मिलिलिटर स्पिरिटला २ ग्रॅम लाख, वजन सोनाराच्या काट्यावर करून घ्या. काचेच्या बाटलीत दोन दिवस राहू द्या, मधूनमधून हलवा, मग वरचं निवळ द्रावण गाळून बारीक फवाऱ्याच्या नव्या बाटलीत भरा. जास्त लाख घातली तर कागद चमकतो. तांबूस लाखेने कागदाला हलकी पिवळी झाक येते, खाकी कागदावर ती कळत नाही. स्पिरिट विषारी आणि पेट घेणारं आहे. जवळ दिवा, विडी, चूल काही नको, आणि तोंडाने फुंकून फवारायची नळी वापरू नका. पिकावरच्या औषधाची कोणतीही बाटली किंवा पिचकारी यासाठी वापरायची नाही, कितीही धुतली तरी.

केसांचा स्प्रे चालतो असं सांगतात. सरावाच्या कागदावर चालतो. काही वर्षांनी पिवळा पडतो.

पहिली खरेदी

कार्ट्रिजच्या पाच इम्पीरियल शीट, म्हणजे कापून दहा तुकडे. न्यूजप्रिंट पाव किलो. मळायचा खोडरबर एक, पांढरा एक. दाबलेली कांडी एक, सॉफ्ट कोळशाची पेन्सिल एक. पॉलिश पेपर एक पान. क्लिपा दोन. काडीचा कोळसा घरचा झाला नसेल तर एक पाकीट, जाड-बारीक मिसळ. पांढरी पेन्सिल, बारा प्रतींचा संच, छटा भरायच्या आठ सुरळ्यांचं पाकीट, इझल, यातलं काहीही आत्ता नको.

सामान आलं की चित्र काढायच्या आधी एक पट्टी करा. कागदावर दोन-दोन इंचांचे पाच चौकोन आखा. पहिला कोरा, पाचवा दाबलेल्या कांडीने जितका काळा होईल तितका, मधले तीन काडीच्या कोळशाने पायरीपायरीने. तिसरा आणि चौथा चौकोन कितीही केलं तरी सारखेच दिसत असतील तर कागद गुळगुळीत आहे. दुसऱ्यात ठिपके उठत असतील तर कोळसा कच्चा भाजलेला आहे. ही पट्टी बोर्डाच्या कडेला क्लिपेने लावून ठेवा आणि नवा कागद किंवा नवी भाजणी आली की शेजारी दुसरी करा.

काड्या ठेवायला टूथब्रशचा प्लास्टिकचा डबा छान. खाली कापसाचा थर, मग काड्या, वर पुन्हा कापूस. एसटीत खिडकीकडची जागा मिळाली तर डबा मांडीवर, वरच्या फळीवर ठेवलेल्या काड्यांचा गावाच्या फाट्यापर्यंत भुगा होतो.